एका गोळीचा पराभव

बारामती किंवा इंदापूर तालुक्यांतील सरकारी आरोग्यकेंद्रांत कुष्ठरोग्यास २८ दिवसांच्या गोळ्यांचें पाकीट विनामूल्य मिळतें. त्या पाकिटाची कथा मात्र वर्ध्याकडची आहे. तेथें १९५१ सालीं स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाऊंडेशनच्या सेवकांनीं गांवोगांव रोगी शोधून त्यांस डॅप्सोनची गोळी दिली. गोळी स्वस्त, गुणहि येई. पण ती वर्षानुवर्षें, कित्येकांस तर जन्मभर घ्यावयाची. चट्टा मावळला कीं रोगी ती सोडीत. त्यांस दोष तरी काय द्यावा?

१९६४ सालीं मलेशियांत डॅप्सोनला न जुमानणारे जंतु सिद्ध झाले. अंगांतील कोट्यवधि जंतूंत एखादा असा असतोच. बाकीचे मेले म्हणजे रान त्याला मोकळें, आणि गोळी चालू असतांहि रोग पुन्हा उमटतो. दोन-तीन औषधांस एकदम पुरून उरणारा जंतु मात्र क्वचितच निपजतो. म्हणून १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासमंडळानें रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. भारतांत हे उपचार प्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. रिफाम्पिसिन महिन्यांतून एकदां, तेंहि सेवकाच्या देखत गिळावयाचें. जन्माचें औषध आतां सहा महिन्यांवर, जंतु फार असल्यास वर्षावर आलें आहे.