शंभर घोड्यांचे जू

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत अशी हवा होती, की आता घरोघरी मोटारीसारखे विमान येणार. 1946 साली तेथे 30,000 हून अधिक लहान विमाने तयार झाली आणि पुढच्याच वर्षी गिऱ्हाईक आटले. कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल गावी ज्यो आणि हॉवर्ड फंक या जुळ्या भावांच्या नावाचा विमान-कारखाना होता. त्याचेही विमान बांधणे 1948 साली थांबले. कारागीर होते, यंत्रे होती, काम नव्हते. तेव्हा या कारखान्याने एक निराळाच माल विकायला काढला : फोर्डच्या शेती-ट्रॅक्टरमध्ये मोठे इंजिन बसवण्याचे साहित्य!

1947 ते 1952 या काळात फोर्डचे 'एट-एन' ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक निघाले. स्वस्त आणि गुणी. पण शक्ती जेमतेम पंचवीस घोड्यांची. त्या जागी फोर्डचेच सहा सिलिंडरचे पंच्याण्णव घोड्यांचे किंवा आठ सिलिंडरचे शंभर घोड्यांचे इंजिन बसवायचे, असा हा बेत.

वाचकहो, हे वाटते तितके सोपे नव्हते. या ट्रॅक्टरला निराळा सांगाडा नाही. पुढचा आस, इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस एकमेकांना बोल्टांनी आवळलेले. इंजिन हाच त्याचा कणा. ते काढले की ट्रॅक्टरचे दोन तुकडे! म्हणून नव्या इंजिनाबरोबर भार पेलणारे ओतीव भागही द्यावे लागत.

मला या हकिकतीतली खरी मेख पुढेच दिसते. दांडगा बैल मिळाला म्हणून जुने जू आपोआप बळकट होत नाही. गिअर आणि क्लच पंचवीस घोड्यांच्या बेताने घडवलेले. ट्रॅक्टरचे वजन सुमारे 1,100 किलो. जोर फार लावला तर चाके जागीच फिरणार. मागच्या दांड्यावर जोडलेली यंत्रे चालवताना किंवा जरा वेगाने नांगरताना वाढीव शक्ती उपयोगी पडे. मंद गतीच्या अवजड ओढीत ती यंत्राच्याच जिवावर उठे.

फोर्डने 1953 साली नवे, अधिक शक्तीचे ट्रॅक्टर आणले. फंकच्या कारखान्याचे नाव पुढे झाले ते इंजिनांसाठी नव्हे, गिअरपेट्यांसाठी. 1989 साली तो जॉन डिअर कंपनीने घेतला. तिचेच ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीला तयार होतात. शक्ती आणणाऱ्यापेक्षा ती चाकापर्यंत सांभाळून नेणाऱ्याचा धंदा अधिक टिकला, हे मला मोठे बोलके वाटते.