सांगाड्याचे साम्य आणि फेव्होसाइट्सचे कूळ

नामशेष प्राण्याचे कूळ त्याच्या सांगाड्याच्या ठेवणीवरून सांगता येते, असे आपण सहज धरून चालतो. फेव्होसाइट्स या जीवाश्म प्रवाळाचा इतिहास हे गृहीतक तपासायला लावतो. ही प्रजाती लामार्क यांनी 1816 मध्ये स्थापिली. सिल्युरियन आणि डेव्होनियन काळातल्या उथळ समुद्रांत तिच्या वसाहती विपुल होत्या. त्यांचा सांगाडा मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. बारीक बहुकोनी नळ्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि प्रत्येक नळीत एकावर एक आडवे पडदे असतात. प्राणी वाढत वर सरकला की खाली सुटलेली जागा तो अशा पडद्याने बंद करी. इतर प्रवाळांत ठळक दिसणारे उभे पडदे इथे जवळपास नाहीत. त्यांच्या जागी बहुधा काट्यांच्या ओळी असतात. शेजारच्या नळ्यांच्या सामाईक भिंतींत मात्र ओळीने छिद्रे आहेत. या आडव्या पडद्यांमुळेच फेव्होसाइट्स टॅब्युलेट प्रवाळांत गणले गेले. हा सगळा गट पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, संपला.

या वर्गीकरणाला धक्का बसला तो जिवंत प्राण्यांमुळे. 1970 च्या सुमारास हार्टमन आणि गोरो यांनी जमैकाच्या प्रवाळभित्तींवरील चुन्याचा भरीव सांगाडा रचणाऱ्या स्पंजांचा अभ्यास मांडला. पुढे पॅसिफिकमधल्या अकॅन्थोकीटेटिस या स्पंजात तर नळ्या, आडवे पडदे आणि काटेही आढळले. म्हणजे ज्या खुणांवर टॅब्युलेटांचे प्रवाळपण उभे होते, त्या स्पंजातही होत्या. 1984 मध्ये योझेफ काझ्मिएर्चाक यांनी फेव्होसाइट्सच्या गटात स्पंजाच्या कंटिकांचे, म्हणजे सांगाड्यातल्या बारीक सुयांचे, अवशेष सापडल्याचे आणि म्हणून हा गट स्पंजांचा असल्याचे मांडले. हा आक्षेप पोकळ नव्हता. कीटेटिड हा पूर्वी प्रवाळांत गणला जाणारा गट कंटिकांच्या पुराव्यामुळेच स्पंजांत गेला, आणि ते योग्यच झाले. पण एका गटाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय प्रवाळाच्या सांगाड्यात भोके पाडून राहणारे स्पंज असतातच, म्हणून कंटिका सापडल्या तरी त्या घरमालकाच्याच आहेत हे वेगळे सिद्ध करावे लागते.

1985 मध्ये पॉल कॉपर यांनी कॅनडातील अँटिकोस्टी बेटावरच्या सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीच्या फेव्होसाइट्समधील अश्मीभूत पॉलिपांचे, म्हणजे वसाहतीतल्या एकेका प्राण्याच्या देहाचे, वर्णन केले. नळीच्या तोंडाशी मध्याभोवती चक्राकार मांडलेल्या शुंडकांचे ठसे त्यांत आहेत. हे नंतर साचलेले खनिज असेल, अशी शंका घेता येईल. मात्र तीच अरीय मांडणी नळ्यानळ्यांत पुन्हापुन्हा का यावी, याचा उलगडा खनिजाच्या साचण्याने होत नाही. स्पंजाला शुंडके नसतात. नळीगणिक स्वतंत्र प्राणी ही प्रवाळ वसाहतीची रीत आहे. भिंतींतली छिद्रेही या चित्राशी जुळतात, कारण त्यांतून शेजारच्या पॉलिपांचे जिवंत ऊतक जोडलेले राहू शकत होते. म्हणून फेव्होसाइट्सला प्रवाळांत ठेवणे सयुक्तिक ठरते. पडदे आणि काटे ही बांधणीची सोय आहे, आणि ती वेगवेगळ्या कुळांना स्वतंत्रपणे साधू शकते. कूळ ठरवताना जास्त वजन द्यायला हवे ते त्या घरात राहणाऱ्या देहाच्या रचनेला.