पल्याडचं कलदार

आमचे आजोबा पैठण तालुक्यातल्या गोदाकाठचे. त्यांच्या लेखी अल्याड मोगलाई, पल्याड इंग्रजी. निजामाचं राज्य १९४८च्या सप्टेंबरात बुडालं, तरी त्यांच्या जिभेवरची मोगलाई शेवटपर्यंत हलली नाही. इकडे निजामाचा हाली शिक्का, तिकडे शेवगावच्या बाजारात इंग्रजी रुपया, कलदार. माल घेऊन नदी ओलांडली की करोडगिरीचा नाका. सोयरिकी मात्र सर्रास नदीपार होत. वऱ्हाडाच्या लुगड्यांवर नाकेदारानं जकात मागितली, हा आजीचा किस्सा. दर वेळी सांगताना लुगडी वाढत.

उन्हाळ्यात सरहद्दीवरच शेती व्हायची. वाळूत खड्डे काढून शेणखत भरायचं, टरबुजं-काकड्या लावायच्या. पावसाळ्यात धार सरकली की कोणाची वाळू कुठल्या राज्यात, यावर भांडणं. खरा जीव काठच्या काळ्या रानात. ते इतकी ओल धरी, की नुसत्या तिच्यावर रब्बी ज्वारी निघे.

तेच रान बुडालं. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला धरणाची पायाभरणी केली. मूळ जागा खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीची. धरण वर सरकलं, नाव तेच राहिलं. १९७६ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. शंभराहून जास्त गावं गेली, अल्याडची आणि पल्याडच्या शेवगाव-नेवाशाकडचीही. जुनी सरहद्द पाण्याखाली. आजोबांच्या वाट्याला मुरमाड माळ आला. त्याला ते शेत म्हणत नसत, ‘जागा’ म्हणत.

पाणी ओसरलं की मात्र ते गाळपेऱ्याला जायचे. उघडी पडलेली जमीन हंगामापुरती कसायला मिळते. गाळात हरभरा टाकला की फारसं पाणी लागत नाही. स्वतःच्याच बांधावर तात्पुरता कुळवाडी! गाळात उभे राहून ते विहिरीची जागा दाखवत. आम्हांला चिखल दिसे.

संभाजीनगर शहर आज याच धरणाच्या जलाशयाचं, नाथसागराचं पाणी पितं, पंपांनी वर चढवलेलं. पूर्वी याच शहरात मलिक अंबरच्या नहरीनं डोंगराकडचं पाणी उतारानं आणलं होतं, विजेशिवाय.

भांडण आता आडवं उरलेलं नाही, नदीबरोबर वर चढलंय: नाशिक-नगरची धरणं विरुद्ध मराठवाडा. २००५च्या कायद्यानं पाण्याचं समन्यायी वाटप आलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचं, असं मेंढेगिरी समितीचं सूत्र. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास काठावरचा म्हातारा पाऊस विचारत नाही, टक्के विचारतो.