पाठीवरचा ताबा

ब्राझिलियन जिउ-जित्सूतील एक पकड. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला छाती भिडवायची, दोन्ही पाय मागून त्याच्या मांड्यांच्या आत अडकवायचे आणि हातांनी धड आवळून त्याला जखडायचे, असे तिचे स्वरूप आहे. दोघे बसलेले असोत, कुशीवर असोत की पालथे, पकड तीच राहते. इंग्रजीत तिला ‘बॅक कंट्रोल’ म्हणतात. जमिनीवरच्या लढतीत याहून वरचढ जागा नाही, असे बहुतेक प्रशिक्षक मानतात. माणसाचे हात, पाय आणि डोळे पुढच्या बाजूलाच कामाचे असतात. पाठीवर बसलेला काय करतो आहे ते खालच्याला दिसतही नाही.

कुस्तीत मुरलेल्या पैलवानाला हे पटायला वेळ लागतो. कुस्तीत खांदे जमिनीला लागले की हार. त्यामुळे खाली आलेला पैलवान पालथा पडून माती धरतो आणि मागून ताबा घेतलेल्याला घिस्सा किंवा दुसरा एखादा डाव टाकून त्याला उलटे करावे लागते. तिथे पाठ देणे हा बचाव ठरतो. जिउ-जित्सूत गळा आवळायची मुभा आहे आणि तिथेच गणित फिरते. चीत पडलेला निदान पायांनी झुंजू शकतो, पालथ्याला तेवढाही आसरा नाही. ज्युदोत गळा आवळता येतो, पण समोरच्याची पाठ गादीकडे असल्याशिवाय धरून ठेवण्याचे गुण मिळत नाहीत. म्हणून तिथला खेळाडू पाठीवर फार काळ रेंगाळत नाही.

आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत या ताब्याला 4 गुण आहेत, म्हणजे छातीवर बसण्याइतकेच. त्यासाठी दोन्ही टाचा मांड्यांच्या आत ठेवून 3 सेकंद टिकावे लागते. एडीसीसी या पकडीच्या लढतींच्या स्पर्धेत मात्र पाठीला 3 आणि छातीवर बसण्याला 2 गुण.

नवशिक्याचे सगळे लक्ष पायांकडे असते, पण खरी पकड हातांची. एक हात खांद्यावरून, दुसरा काखेखालून आणि दोन्ही पंजे छातीवर एकमेकांत गुंतवलेले. मोटारीच्या पट्ट्यासारख्या या तिरक्या पकडीला ‘सीटबेल्ट’ हेच नाव पडले आहे. त्याच्या डोक्याशेजारी आपले डोके चिकटवले की समोरच्याला मान वळवता येत नाही. पुढे खांद्यावरचा हात गळ्याभोवती सरकतो आणि कोपर हनुवटीखाली येते. दाब श्वासनलिकेवर नव्हे, तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर पडायला हवा; तो नीट बसला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरला झालेल्या, यूएफसी या मुक्त लढतींच्या पहिल्या स्पर्धेची अंतिम लढत जिउ-जित्सूपटू रॉयस ग्रेसीने जेरार्ड गोर्दोविरुद्ध याच आवळणीने जिंकली. पुढे मार्सेलो गार्सियाने समोरच्याचा दंड ओढून बाजूने पाठीवर जाण्याची पद्धत इतकी घोटली, की एडीसीसीत 77 किलोखालील गटाची 4 विजेतीपदे (2003, 2005, 2007, 2011) मिळवणाऱ्या या खेळाडूची ती ओळखच झाली.

सुटका करून घेणारा आधी गळ्याकडे येणारा हात दोन्ही हातांनी धरतो. मग ज्या बाजूचा हात काखेखालून आला आहे त्या बाजूला घसरत तो आपली पाठ गादीला लावू पाहतो. वरच्याने घाईत पायांची कैची मारली असेल, तर घोट्यांवर पाय टाकून कंबर उचलताच त्यालाच हार मानावी लागते.