नमनाला घडाभर तेल

आधी बंगळुरूतल्या एका रविवारची गोष्ट सांगतो. माझ्या छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावायला सात-आठ विद्यार्थी आले होते. दुरुस्ती एका ओळीची होती: मराठीतला एक चुकलेला शब्द. पण त्याआधी डेटाबेस, कामांच्या रांगेसाठी वेगळा सर्व्हर, शोधासाठी तिसरा आणि शेकडो पॅकेजेस उतरवायची होती. संध्याकाळपर्यंत एकाच लॅपटॉपवर प्रकल्प चालू झाला. बाकीचे ‘बघतो, सर’ म्हणून गेले ते गेलेच. चूक माझी होती.

खरं तर या शहराने हा धडा फार पूर्वी गिरवलाय. १९९०च्या दशकात लिनक्स उतरवायचं म्हणजे डायल-अपवर रात्री जागवायच्या. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस बंगळुरूत राहून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासाठी काम करत. १९९६ साली या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडीच दिली. त्या काळी वेगवान इंटरनेट हीच पहिली डिपेंडन्सी होती. सीडीने ती काढून टाकली आणि लिनक्स घरोघरी पोचलं.

२००१ साली चिटणीस आणि सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ परिषद सुरू केली. २००५ मध्ये तिचं नाव ‘फॉस डॉट इन’ झालं. पुढे तिथे नुसतं वापरण्यापेक्षा स्वतः कोड लिहून भर घालण्यावर जोर आला. चिटणीस २०१३ साली गेले. पण ‘नुसते वापरणारे घडवणार कसे?’ हा प्रश्न मागे राहिला.

दरम्यान तंत्र बदललं होतं. १९९९ साली डेबियन २.१ सोबत ‘ॲप्ट’ आलं. एक आज्ञा दिली की लागणारी सगळी पॅकेजेस आपोआप उतरू लागली. पुढे अनेक भाषांना अशी सोय मिळाली. सोय मोठी, पण ओझं दिसेनासं झालं. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, तेव्हा जगभरचे प्रकल्प अडले. त्यातल्या अनेकांना आपण त्यावर अवलंबून आहोत हेच ठाऊक नव्हतं.

याच्या उलट उदाहरणही बंगळुरूचंच. कैलाश नाध यांनी २०१९ मध्ये ‘लिस्टमंक’ हे वार्तापत्रं पाठवण्याचं सॉफ्टवेअर खुलं केलं. चालवायला एक फाइल आणि पोस्टग्रेस डेटाबेस, बस्स. कोड बदलायचा तर आणखी साधनं लागतात. पण नवखा माणूस आधी ते चालताना पाहतो, मग आत शिरतो.

मीही माझी यादी काढली. कामांची रांग आणि शोध, दोन्ही पोस्टग्रेसवरच सोपवले. एका फंक्शनपुरती घेतलेली पॅकेजेस काढून दहा-दहा ओळी स्वतः लिहिल्या. मात्र सांकेतिकीकरण आणि टाइमझोनच्या लायब्ररींना हात लावला नाही. तिथे स्वतःचं शहाणपण महागात पडतं.

पुढच्या बैठकीत एका विद्यार्थिनीची पहिली दुरुस्ती जेवणाआधी प्रकल्पात आली. तुमचा प्रकल्प असेल, तर एकदा कोऱ्या, जुन्या लॅपटॉपवर पहिल्यापासून उभा करा. समोर घड्याळ ठेवा. जिथे तुम्ही वैतागाल, तिथूनच कुणीतरी परत गेलेलं असतं.