स्त्री : विद्यार्थिनी आणि अभ्यासविषय

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची स्वतंत्र सोय त्यामुळे झाली. परंतु स्त्रीजीवन हा संशोधनाचा विषय ठरण्यास आणखी ५८ वर्षे जावी लागली. पुढे मुंबईस आलेल्या याच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचा संशोधन कक्ष सुरू झाला. त्याच वर्षी केंद्र शासनाच्या समितीने आपल्या अहवालात दाखवून दिले की, दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर आले होते. शिक्षणप्रसाराने स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारते, हे गृहीत त्यापुढे टिकले नाही.

या विलंबाचे एक कारण ऐतिहासिक साधनांविषयीच्या आपल्या कल्पनेत आढळते. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला, तो स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला. मधल्या काळात त्याकडे समाजेतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी पाहिले नाही.

आज दिवा स्थानकावरून पहाटे मुंबईकडे निघणारी स्त्री तत्पूर्वी घरी जे काम उरकते, त्याची नोंद कोणत्याही वेतनपत्रकात सापडणार नाही. ते तिच्याच तोंडून ऐकून टिपून ठेवणे, हेही इतिहास-संशोधकाचे कर्तव्य होय.