खामगावचा कापूस आणि खोलीतला खर्ज

तर झालं असं, की आमच्या खामगावच्या घरात बारा बाय दहाच्या खोलीत मी होम थिएटर लावलं. सबवूफर एका कोपऱ्यात, बाबांची बाज दुसऱ्या कोपऱ्यात आणि माझी खुर्ची मधोमध. पहिल्याच सिनेमाला बाबा म्हणाले, "लय धमधम करून राह्यलं बाबू, छातीत बसते." आणि मला तर खर्ज पोकळ वाटत होता!

खोली आणि कान यांचं हे भांडण जुनंच. 1895 साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना. वॉलेस सॅबिन हा तरुण प्राध्यापक सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून तिथे आणी, ऑर्गनची नळी वाजवी आणि घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजी. रिकाम्या खोलीत तो साडेपाच सेकंद टिके. गाद्या वाढल्या की घटे. याच अभ्यासावर 1900 साली बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला.

आमचं गाव तर कापसाचंच. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसापायीच. तेव्हा मीही भिंतींना गाद्या टेकवल्या. उपयोग शून्य! बारा फूट लांबीत अडकतो सुमारे 47 हर्ट्झचा स्वर. त्याची लाट चोवीस फुटांची, ती शोषायला सहा फूट जाड गादी हवी. मग झोपायचं कुठे?

गादी हरली तिथे विजेचे फिल्टर आले. 1960 च्या दशकात टेक्सासच्या बोनर यांनी सभागृहांसाठी ते वापरले. पुढे 2001 साली स्वीडनमध्ये डिराक आणि 2002 साली अमेरिकेत ऑडिसी या कंपन्या निघाल्या आणि हे काम घरात आलं. ऑडिसी बरंचसं स्वतःच ठरवतं. डिराकमध्ये आवाजाची रेघ आपल्याला हवी तशी ओढता येते. आरईडब्ल्यू फुकट आहे, पण ते मोजून दाखवतं आणि निर्णय आपल्यावर सोडतं. मी तेच घेतलं.

रात्री दोनला, कूलर बंद करून (एप्रिलमध्ये!) माईक माझ्या खुर्चीवर ठेवला. 47 हर्ट्झला मोठा खड्डा दिसला. मी तो स्वर वाढवून खड्डा भरायला गेलो. दुसऱ्या दिवशी बाबा उठून अंगणात जाऊन बसले.

चूक नंतर कळली. खोलीच्या मध्यावर तो स्वर स्वतःलाच खोडतो, कितीही ओता. कोपऱ्यात मात्र तो सर्वांत जोरात असतो. मी ओतलेलं सगळं बाजेवर सांडत होतं! सॉफ्टवेअर उंचवटा कापू शकतं, असा खड्डा भरू शकत नाही. यात तिन्ही सारखीच. आणि माईक जिथे ठेवाल, तिथलीच खोली ती ऐकतात. म्हणून तर ऑडिसी आणि डिराक अनेक जागी माईक ठेवायला सांगतात.

मग माईक बाजेवर ठेवला. वाढवलेलं काढलं. सबवूफर लांब भिंतीच्या मध्यावर सरकवला, तिथून तो स्वर फारसा उठतच नाही. रुंदीचा 56 हर्ट्झचा उंचवटा फिल्टरने कापला.

माझ्या खुर्चीत खर्ज अजून थोडा कमीच आहे. असो. परवा बाबांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.